लांब दोराचा झोका

रूपचंदला घरात कवडी म्हणत.

ज्यांनी कापूस वेचला आहे त्यांना कवडी ठाऊक असते. बोंड भरतं, पिकतं, आणि फुटायची वेळ आली की फुटत नाही. सगळं शेत पांढरं झालेलं असतं आणि हे एक बोंड मूठ आवळून उभं असतं. आत कापूस असतोच, पण घट्ट, डागी, कोणाच्या कामाचा नसलेला. वेचणाऱ्या बायका त्याला हात लावत नाहीत.

तापीकाठच्या आमलखेड्यात भटू पाटलाच्या घरी पहिली मुलगी जसोदा. ती बोलायला लागली ती थांबलीच नाही. तिच्या पाठचा रूपचंद. तो मुका नव्हता, सगळं ऐकायचा, सगळं बघायचा, पण त्याच्या तोंडातून शब्द बाहेर यायला मोठी यातायात पडे. पाहुणे विचारत, "नाव काय रे तुन्हं?" तो ओठ दाबून त्यांच्याकडे बघत राही आणि जसोदा मधेच सांगून टाकी, "त्यानं नाव कवडी. पिकना, पन फुटना नही." पाहुणे हसत. आई तापीबाई जसोदाला दटावत असे, पण तिलाही हसू येई.

पोरानं ते नाव मनावर घेतलं, पण भलत्याच रीतीनं. वेचणीच्या दिवसांत आईच्या मागं हिंडताना तो टाकून दिलेल्या कवड्या गोळा करायचा. ओट्यावर बसून नखांनी, काडीनं, बापाच्या दाभणानं ती बोंडं उकलायचा. त्याला कापूस नको होता. पाहायचं होतं, हे का उघडलं नाही. कुठं अळीचं भोक सापडे. कुठं पाकळीची शिवण एका बाजूनं जाड झालेली असे. एखाद्या बोंडात मात्र काहीच सापडत नसे. सगळं जिथल्या तिथं, तरीही बंद. त्या बोंडाकडे तो फार वेळ बघत बसे. काहीही बिघडलेलं नसताना एखादी गोष्ट उघडत नाही, याची त्याला भीती वाटे. ती भीती पुढं आयुष्यभर त्याच्या सोबत राहिली, आणि खरं सांगायचं तर तिनंच त्याला पोसलं.

गावातली शाळा संपल्यावर तो नंदुरबारला शिकला, तिथून सुरतेला डिप्लोमाला गेला. जसोदाचं लग्न शहाद्याकडच्या घरात झालं. रूपचंदला अहमदाबादच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथं अग्निबाणाच्या टोकात बसवायची यंत्रं तयार होत. भटू पाटील गावात सांगत, "आमना पोऱ्या आभाळनं काम करस." लोक विचारत, म्हणजे नेमकं काय? भटू पाटलांना ते सांगता येत नसे. ते तंबाखू मळायला घेत.

नेमकं काय ते असं होतं. जमिनीपासून फार उंचावर, जिथं वारा संपतो तिथं, विजेचे भारित कण भरलेले पट्टे आहेत. रेडिओच्या लहरी त्यांवर आपटून परत येतात, म्हणून दूरचं रेडिओ केंद्र आपल्याला रात्री ऐकू येतं. त्या पट्ट्यांतून अग्निबाण सोडायचा आणि आतल्या लहरी मोजायच्या, असं ठरलं होतं. मोजायला अँटेना हवी, आणि लहरी लांब म्हणून अँटेनाही लांब हवी. अग्निबाण तर हाताच्या कवेत मावेल एवढा. लांब दांडा बाहेर काढून ठेवला तर वर जाताना हवाच तो मोडून टाकील. म्हणून दांडा घडी करून टोपणाच्या आत ठेवायचा, आणि वर गेल्यावर, टोपण गळून पडल्यावर, तो आपला आपण उघडायचा. असे चार दांडे, चार दिशांना. हे उघडणं रूपचंदकडे आलं.

काम देताना विभागाचे साहेब म्हणाले होते, "तुला जमेल. तू कमी बोलतोस." साहेब सुरतेकडचे, गुजरातीत बोलत, आणि रूपचंदला ती घरच्यासारखी.

त्यानं दांड्याला हात म्हणायला सुरुवात केली. एकेक हात तीन नळ्यांचा, बोटाएवढ्या जाडीचा, सुताराच्या घडीच्या फूटपट्टीसारखा दुमडलेला. प्रत्येक सांध्यात एक स्प्रिंग आणि एक खिट्टी. घडी दोऱ्यानं बांधलेली असे. दोरा तुटला की स्प्रिंगनं हात उलगडायचा, सांधा सरळ झाला की खिट्टी पडायची आणि हात ताठ उभा राहायचा. कागदावर हे एका संध्याकाळी झालं. पण पृथ्वीवर ज्या गोष्टी आपल्याला न मागता मिळतात त्या वर नसतात, हे त्याला हळूहळू कळत गेलं. सांध्याला तेल द्यावं तर हवेविना तेल उडून जातं, म्हणून तेलाच्या जागी काळी कोरडी भुकटी चोळायची. एकाच धातूचे दोन भाग एकमेकांवर घासले तर तिथं ते चिकटून बसतात, म्हणून पोलादाची खीळ पितळेच्या वाटीत बसवायची. सांध्यातून जाणारी तार थंडीत काडीसारखी कडक होते आणि सांध्याला वळू देत नाही, म्हणून तारेचा एक सैल वेढा सोडायचा. चारांतला एक हात जरी मागं राहिला तरी फिरता अग्निबाण भेलकांडतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, वर जाऊन कोणाला हात लावता येत नाही. अडकलेलं दार खांदा मारून उघडतं. इथं खांदाच नाही.

एवढ्या सगळ्या अडचणी त्यानं एकेक करून काढल्या आणि शेवटी एका साध्या गोष्टीवर सगळं अडलं. उघडून दाखवायचं कसं?

वर वजन नाही. इथं आहे. आडवा हात उघडताना आपल्याच भारानं खाली लवतो आणि सांधे वाकतात. मग हाताला वरून दोऱ्यांनी टांगायचं, म्हणजे भार दोऱ्या घेतील आणि हात मोकळा राहील. ही टांगणी रूपचंदनं स्वतः बांधली होती. तापीकाठच्या गुजर घरात माजघरात झोपाळा असतो, तुळईपासून पितळी कड्यांवर टांगलेला. रूपचंद त्या झोपाळ्यावर वाढला. काही टांगायचं म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं तोच येई. प्रयोगशाळेच्या छताला त्यानं हूक ठोकले, तेवढ्याच लांबीच्या रेशमी दोऱ्या सोडल्या आणि हात टांगला. देखणी टांगणी होती. सगळ्यांनी वाखाणली.

त्या टांगणीत हात उघडेना. पहिला सांधा खट्‌ पडायचा. दुसरा अर्ध्याहून पुढं यायचा, मंदावायचा, थांबायचा आणि पुन्हा थोडा मिटायचा. रूपचंदनं स्प्रिंग जोरकस केली. आता दुसरा सांधा पडला, पण अशा हिसक्यानं पडला की खिट्टीच्या मुळाशी नळीला चीर गेली. मधली स्प्रिंग घातली. कधी उघडे, कधी नाही. भुकटी बदलली, खीळ बदलली, तार बदलली. बिघाड कुठंच सापडेना. सगळं जिथल्या तिथं होतं आणि तरीही बंद होतं.

साहेबांनी एक दिवस त्याला बोलावलं.

"आखाजीला घरी जातोस ना?"

"हो."

"जा. आल्यावर ठरवू. पण मला वाटतं हात सोडून द्यावेत. आखूड ठोकळी अँटेना लावू. थोडंसंच मोजेल, पण मोजेल. हे उघडलं नाही तर काहीच मोजणार नाही, आणि अग्निबाण डोलून बाकीच्यांचीही यंत्रं वाया जातील."

"साहेब, एक हात घरी नेऊ का? जुना, सरावाचा."

साहेबांनी चष्मा काढला. "घरी नेऊन काय करशील?"

ते रूपचंदलाही ठाऊक नव्हतं. आईनं दिलेल्या गोधडीत त्यानं तो हात गुंडाळला आणि ताप्ती व्हॅलीच्या गाडीत बसला. रात्रभर ते गाठोडं त्याच्या मांडीवर होतं.

नंदुरबारहून पुढं एस.टी.त चुडामणकाका भेटले. गावातले म्हातारे, प्रत्येकाच्या सामानाची चौकशी करणारे.

"काय रे रूपचंद, सारंगी लयना का?"

"नही काका. यंत्र शे."

"कसानं यंत्र?"

"आभाळमा उघडस, असं."

"मंग आठे उघडी दखाड ना."

"आठे उघडत नही काका. तेच तं दुखनं शे."

चुडामणकाकांनी मान हलवली. "मंग तुन्ही अन मन्ही छत्री एकच दुकाननी. मन्ही बी घरमा उघडस, पानी पडनं का मिटी जास."

सगळी बस हसली. रूपचंदही हसला, पण हात गाठोड्यावरून काढला नाही. यंत्राचा हात उघडला नाही तर आयुष्यात काही मोठं कोसळणार नव्हतं. नोकरी राहिली असती. पगार राहिला असता. फक्त त्याच्या आत कुठंतरी एक बोंड कायमचं मिटून राहिलं असतं, आणि ते एकट्या त्यालाच ठाऊक असतं.

घरी आखाजीची, अक्षय्य तृतीयेच्या सणाची, धांदल होती. माहेरी आलेल्या लेकींनी गाव भरलं होतं. जसोदा दोन दिवस आधीच आली होती. आई सांजोऱ्या तळत होती, आंब्यांची अढी उतरवली होती, आणि माजघरभर त्या वासानं जडपणा आला होता. रूपचंद झोपाळ्यावर बसला. गोधडी उलगडली. यंत्राचा हात मांडीवर ठेवून पायानं झोपाळा हलवत राहिला.

"हाई काय शे?" भटू पाटलांनी विचारलं.

त्यानं सांगितलं. नेहमीसारखं तुटक, पण सांगितलं. बापानं नळीवर बोट फिरवलं, सांधा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"बरा उघडस ना."

"तुन्हा हातमा उघडस, आबा. मोकळा टांगना का उघडत नही."

जसोदा दारात येऊन उभी होती. कमरेला पदर खोचलेला, हाताला मेंदी. "कवडी, तू आठेच बठाव का? सगळ्या पोरी नदीवर गयात. चाल झोकावर."

"तो बायास्ना झोका शे."

"मंग बसू नको. झोका दे तरी माले. भाऊ कसाले ऱ्हास?"

"आठे झोपाळा शे ना. बठ."

"हाई?" जसोदानं झोपाळ्याची कडी खणकन हलवली. "हाऊ मन्ही सासूसारखा शे. दारपावत गयी नही, तं लगेच, 'जसोदा, मांगे ये!' जाऊच देत नही मानूसले."

आई आतून ओरडली, "हळू बोल व, जवाई ओट्यावर बठेल शेत!" आणि जसोदा तोंडावर हात ठेवून पळाली.

रूपचंद उठला. कशासाठी उठला हे त्याला तेव्हा कळलं नाही. बहिणीच्या मागोमाग तो नदीकडे निघाला.

तापीच्या उंच काठावर, गावदरीच्या पलीकडे, एक चिंच होती. तिची वरची फांदी नदीच्या बाजूला गेलेली, इतकी उंच की तिच्यावरचे पक्षी खालून ओळखू येत नसत. दर आखाजीला त्या फांदीला विहिरीवरच्या मोटेचे जाड नाडे बांधून बायकांचा झोका होई. खालच्या फांदीला पोरांचा आखूड झोका असे. रूपचंदनं हे लहानपणापासून पाहिलं होतं, म्हणजे कधीच पाहिलं नव्हतं. आज तो पाहत उभा राहिला.

पोरांचा झोका धावत होता. जाई आणि लगेच परत खेचला जाई, जणू कोणी मानगूट धरली आहे. वरचा झोका मात्र सावकाश जाई. त्यावर दिवलीबाई उभी होती, तीन लेकरांची आई, डोळे मिटून. झोका नदीवर जाई आणि तिथं टोकाला थांबून राही, परत यायचं विसरल्यासारखा.

जसोदाची पाळी आली. ती पाटावर बसली. रूपचंद पुढं झाला आणि झोका द्यायच्या ऐवजी त्यानं पाट हातभर बाजूला ओढून धरला. मग एकेक बोट सोडत गेला. एका बोटावर सगळी जसोदा थांबली होती.

"काय करी ऱ्हायना रे?"

"जसोदा, घर चाल."

"आते तं बसनू!"

"चाल ना माय. आत्ते चाल."

त्यानं तिला उतरवलंच. दोघं भर उन्हात घराकडे चालली. तो पुढं, ती मागं बडबडत. माजघरात त्यानं तिला झोपाळ्यावर बसवलं आणि तोच झोपाळा, तीच जसोदा, तेवढाच हातभर बाजूला ओढून धरला. एक बोट पुरेना. दोन्ही हात लावावे लागले. झोपाळा त्याच्याशी झटत होता, मधे यायला ओढत होता.

"मी जड व्हयनू का?" जसोदानं विचारलं.

रूपचंद हसत सुटला. इतका हसला की आई झारा घेऊन बाहेर आली. इतकी वर्षं ज्यावर बसून वाढला त्या झोपाळ्याची कडी हातात धरून तो हसत होता. दोरी आखूड असली की जरा बाजूला सरताच ती तिरकी होते, आणि तिरकी दोरी मागं ओढते. त्यानं घरचा झोपाळा अहमदाबादच्या छताला टांगला होता. हात बाहेर जायला निघायचा आणि दोऱ्या त्याला मागं बोलवायच्या. त्या ओढीला हरवायला तो स्प्रिंग जोरकस करत गेला, आणि जोरानं नळी चिरली. हातात काहीच बिघडलेलं नव्हतं. पहिली, मऊ स्प्रिंगच बरोबर होती.

हिशेब त्याला येत होता. तो करायला ओट्यावरची खडूची कांडी पुरली. दोरी जितकी लांब, तितकी ओढ कमी. हे तो सुरतेला शिकलाही होता. पण शिकलेलं आणि अंगात भिनलेलं यांची गाठ पडायला कधी कधी बहीण लागते.

वैशाखातला वारा उन्हाबरोबर उठतो, म्हणून त्यानं पहाट धरली. दुसऱ्या दिवशी उजाडताना सगळं घर चिंचेखाली होतं. भटू पाटलांनी बैलगाडी आणून चाकांना दगड लावले. हाताचं मूळ गाडीच्या साटीला आवळून बसवलं. भोयांकडून जाळ्याची बारीक नायलॉन दोरी आणली होती, ती वरच्या फांदीला बांधायची होती. भटू पाटील झाडाकडे बघून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघू लागले. रूपचंद उंचीला भ्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आभाळनं काम करस," जसोदा म्हणाली, "अन झाडवर चढता येत नही." तिनं काचा मारला आणि ती चढली. आई खालून हात जोडून उभी. वरून आवाज आला, "सासरले सांगज्यात नका!"

दोऱ्या खाली आल्या. तीन नळ्यांना तीन दोऱ्या. रूपचंदनं त्या एकेक करून अशा जुळवल्या की हात हवेत आडवा तरंगू लागला. मग त्यानं जोरकस स्प्रिंगा काढून गाठोड्यातून आणलेल्या त्या पहिल्या मऊ स्प्रिंगा बसवल्या, हात दुमडला आणि दोऱ्यानं बांधला. तेवढ्यात नदीवरून एक झुळूक आली. दोऱ्या थरथरल्या. सगळे थांबले. तापी खाली शिशासारखी पडली होती. झुळूक गेली. चिंचेचं एक पान हलत राहिलं, मग तेही थांबलं.

दोरा तोडायचा तर हाताला धक्का लागू द्यायचा नव्हता. आईनं देवाची उदबत्ती पेटवून दिली. जसोदानं ती दोऱ्याला टेकवली. धूर सरळ वर गेला.

दोरा तुटला.

हात घाई न करता निघाला. पहिला सांधा वळत गेला. खट्‌. दुसरा निघाला, त्याच जागी आला जिथं तो नेहमी थकायचा, आणि थकला नाही. तसाच पुढं गेला, केळीचं कोवळं पान सुरळीतून सुटावं तसा, कोणी न ओढता. खट्‌. पूर्ण लांबीचा हात तापीकडे रोखून उभा राहिला. टोकाला जराशी थरथर होती, तीही विझली.

"व्हयनं?" भटू पाटलांनी हळूच विचारलं.

"व्हयनं, आबा."

वारा सुटेपर्यंत त्यांनी तो पुन्हा पुन्हा मिटला आणि पुन्हा पुन्हा उघडला. गाव जागं होऊन जमलं. चुडामणकाका आले, पाहून म्हणाले, "मन्ही छत्री लयू का?" रूपचंदनं नळीच्या मुळाशी नखानं चीर शोधली. चीर नव्हती.

अहमदाबादला साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"झाडाखाली," ते म्हणाले.

"हो साहेब. बैलगाडीवर."

"झाडाखालच्या चाचणीवर मी अग्निबाण सोडू?"

"नाही. म्हणून तर आलो. आवारात पाण्याच्या नव्या उंच टाकीचं बांधकाम चाललंय. टाकीखाली चारी बाजूंनी मोकळं आहे. वरून दोऱ्या सोडू. चारही हात एकदम टांगू."

साहेबांनी त्याच्या खडूच्या हिशेबाची उतरवलेली प्रत पाहिली, पेन्सिल घेऊन स्वतः पुन्हा मांडला, एका जागी त्याची चूक दुरुस्त केली. चुकीनं फरक पडत नव्हता. मग ते छताच्या हुकांकडे बघत राहिले. "म्हणजे इतके महिने आपण हात तपासत नव्हतो. छत तपासत होतो."

"छत मीच निवडलं होतं, साहेब."

"आणि मी वाखाणलं होतं. चल, टाकी बघू."

साहेबांनी त्याला सवलत दिली नाही. आधी हात थरथरत्या टेबलावर हलवून घेतले, अग्निबाणात हलतील त्याहून जास्त. मग बर्फाच्या पेटीत गारठवले. मग टाकीखाली टांगले. चारी हात एकदम सुटले, एकदम उघडले, आणि टाकीवर विटा चढवणारे मजूर काम थांबवून टाळ्या वाजवू लागले. आखूड अँटेनेचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

हिवाळ्यात, दक्षिणेकडच्या समुद्रकाठी, तो दिवस आला. दुपारची वेळ, स्वच्छ आभाळ. रूपचंद बाहेर नव्हता. अग्निबाणाकडून येणारे निरोप टिपणाऱ्या खोलीत तो कागदाच्या पट्टीसमोर उभा होता. प्रत्येक खिट्टीला त्यानं एक बारीक स्विच लावला होता. हात पूर्ण उघडला की त्या हाताच्या रेघेवर पेन उडी मारणार होतं. चार रेघा, चार पेनं, आणि त्यांच्या खाली लहरी टिपणारं एक मोठं पेन.

जमीन हादरली, आवाज आला आणि गेला. रेघा सरळ चालल्या होत्या. कोणीतरी घड्याळ बघून म्हणालं, टोपण सुटलं. रेघा सरळच. माणसाच्या हातात काही उरलं नाही की वेळ कशी रिकामी होते, ते त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं. मग पहिलं पेन उडालं. लगेच दुसरं, त्याला लागून तिसरं.

चौथी रेघ सरळ चालली होती.

रूपचंदला चिंचेचं ते पान आठवलं, एकटंच हलत राहिलेलं. त्यानं श्वास धरला नाही. त्याला उगाच खात्री होती. आणि चौथं पेन उडालं. त्यामागोमाग खालचं मोठं पेन, जे इतका वेळ झोपलं होतं, ते डावी-उजवीकडे लांब लांब हेलकावे घेऊ लागलं. चारी हात पसरून तो अग्निबाण त्या विजेच्या पट्ट्यातून चालला होता, आणि जे कोणी तिथून ऐकलं नव्हतं ते कागदावर उतरत होतं.

"फुटनी!" रूपचंद ओरडला. "फुटनी व माय! चारी फुटन्यात!"

खोलीतली सगळी माणसं वळली. हा माणूस एवढ्या मोठ्यानं बोलू शकतो हे कोणाला माहीत नव्हतं. साहेबांनी विचारलं, "काय म्हणालास?"

"उघडली, साहेब," तो म्हणाला, आणि मग थांबेचना. सांध्याबद्दल, तारेच्या वेढ्याबद्दल, काळ्या भुकटीबद्दल, चिंचेबद्दल, बहिणीच्या सासूबद्दल तो बोलत राहिला. साहेब खुर्चीत बसून ऐकत होते. अग्निबाण समुद्रात पडला तरी तो बोलतच होता.

पुढच्या आखाजीला तो आमलखेड्याला आला तेव्हा हातात गाठोडं नव्हतं. आभाळात उघडलेलं यंत्र कसलं, हे भटू पाटील आता न अडखळता सांगत होते, थोडं वाढवूनही. जसोदा चिंचेखाली वाट पाहत होती. बायका भोवती जमल्या.

"बठस का?" तिनं विचारलं.

"बायास्ना झोका शे," कोणीतरी मागून म्हणालं.

"ऱ्हाऊ दे," जसोदा म्हणाली. "हाऊ झोका त्यानाबी शे आते."

रूपचंद पाटावर उभा राहिला. दोन्ही नाडे घट्ट धरले. उंचीची भीती होतीच, ती कुठं गेली नव्हती. दिवलीबाईनं आणि जसोदानं दोन्ही बाजूंनी झोका दिला. जमीन मागं सरली, काठ संपला, खाली तापीचं पाणी आलं. टोकाला पोचल्यावर झोका थांबला, आणि तो तिथं राहिला, लांब दोराच्या शेवटाला, परत बोलावणारं कोणी नसल्यासारखा. मग त्यानं तोंड उघडून एक हाक दिली. तिला शब्द नव्हते. ती नदीपार गेली आणि पलीकडच्या काठावरून परत आली.

"ओरडस कितला, कवडी!" जसोदा खालून ओरडली, आणि पुढचा झोका आणखी जोरानं दिला.